हृदयपंपांची पारख

मराठवाड्यात हृदयविकाराची चर्चा बहुधा अँजिओप्लास्टी आणि बायपास या दोन शब्दांपाशी येऊन थांबते. परंतु ज्यांच्या हृदयाचा स्नायूच दुबळा झाला आहे, ज्यांना घरातल्या घरात चालताना धाप लागते आणि रात्री आडवे होताच श्वास कोंडू लागतो, अशा रुग्णांचे दुखणे रक्तवाहिनीतील अडथळा काढून बरे होणारे नसते. औषधांनी भागेनासे झाले, की त्यांच्यापुढे दोनच वाटा उरतात : दात्याचे हृदय मिळणे, किंवा शरीराच्या आत बसवलेल्या यांत्रिक पंपाने त्या थकलेल्या हृदयाचा भार उचलणे.

पहिल्या वाटेशी छत्रपती संभाजीनगरचा संबंध आजवर प्रामुख्याने देणाऱ्या शहराचा राहिला आहे. महाराष्ट्रात अवयववाटपाचा समन्वय करणारी चार विभागीय केंद्रे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत. २०१६ च्या जानेवारीत मराठवाड्यातील पहिले मेंदूमृत दात्याचे अवयवदान या शहरात झाले, तेव्हा दात्याचे हृदय विमानाने मुंबईला नेण्यात आले. देहाबाहेर काढलेले हृदय थंड पेटीत साधारणपणे चार तासच वापरण्याजोगे राहते, त्यामुळे रुग्णालयापासून चिकलठाणा विमानतळापर्यंतचा रस्ता मोकळा ठेवण्यापासून मुंबईतील शस्त्रक्रियागृहापर्यंत प्रत्येक मिनिटाचा हिशेब ठेवावा लागतो. मुंबईची स्वतःची वाटचालही सरळ नव्हती. केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, पण रुग्ण काही तासच जगला, आणि १९६८ मधील त्या प्रयत्नांनंतर मुंबईत पुन्हा हृदयप्रत्यारोपण होण्यास २०१५ चा ऑगस्ट उजाडावा लागला. दात्यांची संख्या गरजेच्या मानाने फारच अपुरी असल्यामुळे दुसरी वाट, म्हणजे पंपाची, महत्त्वाची ठरते. आणि पंप एकाच प्रकारचा नसल्यामुळे त्यांची पारख कशी करावी, हा प्रश्न रुग्णाच्या जिवाशी येऊन भिडतो.

या प्रश्नाचे सहज सुचणारे उत्तर, म्हणजे जो पंप जास्त रक्त ढकलील तो चांगला, हे जवळजवळ निरुपयोगी आहे. निरोगी हृदय विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त पुढे पाठवते आणि दिवसभरात एक लाखाच्या आसपास ठोके देते. मिनिटाला ५ लिटर द्रव ढकलणारे लहान यंत्र बनवणे अभियंत्यांना फार पूर्वीच साधले होते. अवघड आहे ते हे, की तो द्रव पाणी नसून रक्त आहे : ते परक्या पृष्ठभागाला लागताच गोठू पाहते, जोराने घुसळले तर त्यातील तांबड्या पेशी फुटतात, आणि कोठे थबकले तर तेथे गुठळी धरते. पंपाच्या रचनांमधील स्पर्धा ही खरे पाहता रक्ताला कमीत कमी इजा करण्याची स्पर्धा आहे, आणि एका रचनेने एक इजा टाळली की ती बहुधा दुसऱ्या रूपाने परत येते. पारख करणाऱ्याचे काम ही रूपांतरे ओळखण्याचे आहे.

प्रत्यारोपणासाठी थांबलेल्या किंवा प्रत्यारोपण न मानवणाऱ्या बहुतेक रुग्णांना संपूर्ण कृत्रिम हृदय बसवले जात नाही. त्यांचे स्वतःचे हृदय जागेवरच राहते आणि त्याच्या डाव्या खालच्या कप्प्याला, म्हणजे डाव्या निलयाला, मदत करणारा पंप जोडला जातो. निलयाच्या टोकाशी छिद्र पाडून पंपाचे तोंड आत बसवतात, तेथून आलेले रक्त पंप एका कृत्रिम नळीवाटे महारोहिणीत, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या मुख्य धमनीत, सोडतो. पंपाला वीज लागते, म्हणून पोटाच्या त्वचेतून एक केबल बाहेर येते; तिला ड्राइव्हलाइन म्हणतात, आणि ती कमरेला बांधलेल्या नियंत्रकाला व बॅटऱ्यांना जोडलेली असते. संपूर्ण कृत्रिम हृदयाची कथा अधिक गाजलेली आहे : १९८२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील युटा विद्यापीठात जार्विक-७ हे हृदय बसवलेला रुग्ण ११२ दिवस जगला आणि जगभरच्या वर्तमानपत्रांनी ते दिवस मोजले, परंतु रुग्णांच्या मोठ्या संख्येला आधार दिला तो या तुलनेने साध्या साहाय्यक पंपांनी.

पहिल्या पिढीच्या पंपांनी हृदयाची नक्कल केली. हार्टमेट एक्सव्हीई या पंपात एक पडदा मागेपुढे सरकून रक्त ओढत व ढकलत असे, झडपा उघडत-मिटत आणि नाडी हाताला लागत असे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रीमॅच नावाच्या चाचणीत १२९ रुग्णांना चिठ्ठी टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागले गेले. एका वर्षानंतर पंप बसवलेल्यांपैकी ५२ टक्के, तर केवळ औषधांवर असलेल्यांपैकी २५ टक्के जिवंत होते. यांत्रिक पंप औषधांपेक्षा आयुष्य वाढवतो, हे या निकालाने निर्विवाद दाखवले. मात्र दोन वर्षांनंतर हेच आकडे २३ व ८ टक्क्यांवर आले, कारण एक किलोपेक्षा जड असलेल्या या यंत्राचे हलणारे भाग झिजत आणि संसर्गही मोठ्या प्रमाणावर होई. याच पंपाची आतील बाजू मुद्दाम खडबडीत ठेवलेली होती; तिच्यावर रक्तातील घटकांचा जिवंत थर चढे आणि त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या जोरकस औषधांची गरज बहुधा भासत नसे. पुढच्या पिढ्यांनी टिकाऊपणा मिळवला, पण ही सवलत गमावली.

पुढच्या पिढ्यांनी नकलेचा आग्रहच सोडून दिला. वर्षाला साडेतीन कोटी वेळा उघडझाप करणारा पडदा टिकवण्यापेक्षा एकच पाते अखंड फिरवणे सोपे, या विचाराने आलेले पंप तत्त्वतः विहिरीवरच्या मोटरपंपासारखे आहेत आणि मराठवाड्यातील शेतकऱ्याला त्यांचा स्वभाव सांगावा लागू नये. मोटरचा वेग तोच ठेवून पाणी जितके उंच चढवावे तितका प्रवाह कमी होतो. हृदयपंपाच्या बाबतीत ही उंची म्हणजे रुग्णाचा रक्तदाब. विहिरीतले पाणी आटले आणि मोटर चालूच राहिली, तर पंप कोरडा ओढतो. येथे निलयात पुरेसे रक्त आले नाही, तर पंप निलयाची भिंतच तोंडाशी ओढून घेतो आणि हृदयाची लय बिघडू शकते. दाब आणि प्रवाह यांचे हे नाते दाखवणारी वक्ररेषा ही प्रत्येक रचनेची ओळख असते. वक्ररेषा उभट असेल तर दाब वाढल्यावर प्रवाह थोडाच घटतो. ती सपाट असेल तर दाबातील लहानशा वाढीनेही प्रवाह बराच खाली येतो.

ही रेषा प्रयोगशाळेत काढली जाते. पाणी व ग्लिसरीन यांचे रक्ताइतके दाट मिश्रण, लवचीक नळ्या आणि दाब बदलणाऱ्या झडपा यांचे एक कृत्रिम रक्ताभिसरण मांडून त्यात स्पर्धक पंप एकामागून एक बसवतात. त्यानंतर पाळी येते रक्ताची : ठरीव मानकानुसार गाईगुरांचे ताजे रक्त मिनिटाला ५ लिटर या वेगाने सहा तास फिरवतात आणि फुटलेल्या पेशींतून किती हिमोग्लोबिन मोकळे झाले ते मोजतात. काही पंप ३७ अंश तापमानाच्या खारट पाण्यात वर्षानुवर्षे चालत ठेवून झिजेची परीक्षा घेतात, आणि वासरे किंवा मेंढ्या यांच्या शरीरात पंप बसवून अवयवांवरील परिणाम पाहतात. पात्यांमधील प्रवाहाचे गणित आता संगणकावर करता येते, आणि चकचकीत रंगीत चित्रांमुळे ते फार खात्रीचेही वाटते. परंतु अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने एकाच नमुनापंपाचे गणित अनेक संशोधकगटांकडून करून घेतले, तेव्हा त्यांच्या उत्तरांत मोठी तफावत आढळली. या सर्व परीक्षा आवश्यक आहेत, पण त्या वाईट रचना बाहेर काढण्यासाठी. उरलेल्या दोन चांगल्या रचनांपैकी माणसाला कोणती मानवेल, हे त्या सांगू शकत नाहीत. वासराचे रक्त माणसाच्या रक्तासारखे गोठत नाही, आणि टेबलावरच्या नळ्यांना पक्षाघात होत नाही.

याचा पुरावा दोन पंपांच्या इतिहासात आहे, आणि तो सविस्तर पाहण्याजोगा आहे. पहिला पंप हार्टमेट-२. त्यात लहानसा रोटर म्हणजे फिरणारा दंड मिनिटाला ९,००० च्या आसपास फेरे घेत रक्ताला अक्षाच्या दिशेने सरळ पुढे रेटतो; त्याची टोके माणकाच्या बेअरिंगवर टेकलेली असतात आणि भोवतालचे रक्तच त्यांना वंगण पुरवते. २००९ मधील चाचणीत, अपंग करणारा पक्षाघात आणि पंप बदलण्याची शस्त्रक्रिया हे दोन्ही न होता दोन वर्षे जगलेल्यांचे प्रमाण या पंपाच्या गटात ४६ टक्के, तर जुन्या एक्सव्हीईच्या गटात ११ टक्के निघाले. दुसरा पंप एचव्हीएडी. हा केंद्रापसारक जातीचा, म्हणजे मध्यभागी आलेले रक्त फिरत्या चकतीने कडेला फेकणारा. वजन सुमारे १६० ग्रॅम, बेअरिंगचा स्पर्श नाही, चुंबक आणि रक्ताचा पातळ थर यांच्या आधारावर चकती तरंगत राहते. तो हृदयाभोवतीच्या पिशवीतच मावत असल्यामुळे पोटात कप्पा करावा लागत नसे. कागदावर दुसरी रचना सरस वाटावी अशीच होती.

दोघांची समोरासमोर तुलना एन्ड्युरन्स या चाचणीत झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचा आराखडा नवा पंप अधिक चांगला आहे हे सिद्ध करण्याचा नव्हता, तर ठरवलेल्या मर्यादेपेक्षा तो वाईट नाही एवढेच दाखवण्याचा होता. अपंग करणारा पक्षाघात न होता आणि पंप बिघडून काढावा वा बदलावा न लागता दोन वर्षे जगणे, या एकत्रित कसोटीवर एचव्हीएडीला ५५.४ टक्के व तुलनेच्या पंपाला ५९.१ टक्के मिळाले, आणि नवा पंप उत्तीर्ण ठरला. परंतु बेरीज मोडून पाहिली की चित्र पालटते. बिघाडामुळे पंप काढण्याची वा बदलण्याची वेळ जुन्या पंपाच्या गटात १६.२ टक्के, तर एचव्हीएडीच्या गटात ८.८ टक्के रुग्णांवर आली. उलट पक्षाघात एचव्हीएडीच्या गटात २९.७ टक्के, तर दुसऱ्या गटात १२.१ टक्के रुग्णांना झाला. एका पंपात गुठळी पंपातच अडकून राही, दुसऱ्याच्या रुग्णांना मेंदूत धोका होई, आणि कसोटीच्या बेरजेत दोन्ही जवळजवळ सारखे दिसत होते. पुन्हा छाती उघडावी लागणे ही भयंकर गोष्ट आहे. तरीही वाचा गेलेल्या किंवा एक अंग लुळे पडलेल्या माणसाच्या घराला ते दोन आकडे समान वाटतील, असे मानणे अवघड आहे. एकत्रित कसोट्या चाचणी लवकर पूर्ण करण्यासाठी सोयीच्या असतात, पण वाचकाने, आणि डॉक्टरांनीही, त्यांतील प्रत्येक घटक सुटा मागून घेतला पाहिजे.

येथे प्रयोगशाळेतील वक्ररेषा पुन्हा आठवावी लागते. एचव्हीएडीची रेषा सपाट होती, म्हणजे रक्तदाब चढला की त्याचा प्रवाह झपाट्याने उतरे, आणि वाढलेला रक्तदाब व पक्षाघात यांचा संबंध रुग्णांच्या माहितीतही आढळला. म्हणून रक्तदाबावर कडक नियंत्रण ठेवून पूरक चाचणी करण्यात आली. पक्षाघात कमी झाले, पण अपेक्षित कसोटी गाठता आली नाही. पुढे पंप थांबल्यावर पुन्हा सुरू न होण्याचे किंवा उशिरा सुरू होण्याचे दोषही नोंदले गेले, आणि ३ जून २०२१ रोजी मेडट्रॉनिक कंपनीने या पंपाची विक्री थांबवली. तेव्हा जगभरात सुमारे ४,००० रुग्ण या पंपावर जगत होते. सुरळीत चालत असलेला पंप केवळ खबरदारी म्हणून काढणे अधिक धोक्याचे असल्यामुळे, त्यांना तो तसाच बाळगत राहण्याचा सल्ला दिला गेला. शरीरात बसवलेल्या यंत्राची पारख चुकली, तर दोष दिसल्यावरही ते परत करता येत नाही. म्हणूनच या क्षेत्रात पारखीला इतका वेळ आणि इतकी चिकाटी द्यावी लागते.

हार्टमेट-२ नेही मान्यतेनंतर धक्का दिला. २०१४ मध्ये अमेरिकेतील तीन मोठ्या केंद्रांनी आपल्या नोंदी एकत्र केल्या, तेव्हा बसवल्यापासून तीन महिन्यांत पंपात गुठळी होण्याचे प्रमाण २०११ च्या सुमाराच्या २.२ टक्क्यांवरून २०१३ च्या आरंभी ८.४ टक्क्यांवर गेल्याचे दिसले. पंप तोच होता आणि त्याची मान्यताही तीच होती. बदल लक्षात आला तो केवळ कोणीतरी प्रत्येक रुग्णाची नोंद चालू ठेवली होती म्हणून.

सध्या जो पंप आघाडीवर आहे, त्या हार्टमेट-३ मध्ये फिरणारी चकती संपूर्णपणे चुंबकीय क्षेत्रात अधांतरी धरलेली असते. तिच्याभोवतीच्या फटी मुद्दाम रुंद ठेवल्या आहेत, जेणेकरून तांबड्या पेशी चिरडल्या जाऊ नयेत, आणि दर दोन सेकंदांनी वेग क्षणभर कमी-जास्त करून कोपऱ्यात रेंगाळणारे रक्त धुऊन काढले जाते. मोमेंटम-३ या चाचणीत १,०२८ रुग्णांवर त्याची हार्टमेट-२ शी तुलना झाली. २०१९ च्या अंतिम अहवालानुसार दोन वर्षांत पंप बदलावा लागण्याचे प्रमाण ११.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले आणि सर्व प्रकारचे पक्षाघात १९.४ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले. दोन वर्षांच्या टप्प्यावर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण मात्र दोन्ही गटांत जवळपास सारखे होते. पाच वर्षांच्या पाठपुराव्यात, २०२२ मध्ये, ते ५८.४ आणि ४३.७ टक्के असे स्पष्टपणे वेगळे झाले. दोन वर्षांनी पाठपुरावा थांबवला असता, तर आयुष्यावरचा हा फरक कोणाला कळलाच नसता.

तरीही या पंपाने सर्व इजा संपवलेल्या नाहीत. रक्तातील व्हॉन विलेब्रँड नावाचे लांबलचक प्रथिन रक्तस्राव थांबवण्यास मदत करते. फिरत्या पात्याजवळच्या ओढीने ते ताणले जाते, विकरे त्याचे तुकडे करतात आणि त्यातूनच आतड्यांत रक्तस्राव होण्याची प्रवृत्ती वाढते. या रुग्णांना रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफेरिनबरोबर अ‍ॅस्पिरिन देण्याची जुनी रीत होती. २०२३ मध्ये एरीस या चाचणीने हार्टमेट-३ च्या रुग्णांत अ‍ॅस्पिरिन वगळून पाहिले, तेव्हा गुठळ्या न वाढता रक्तस्राव सुमारे एकतृतीयांशाने घटला. म्हणजे पंप न बदलताही त्याचा निकाल सुधारता आला. दुसरीकडे, २०२४ मध्ये एक दोष जाहीर झाला, की पंपातून बाहेर जाणाऱ्या नळीभोवती काही रुग्णांत हळूहळू द्रव्य साचते आणि नळी बाहेरून दाबली जाते. असा दोष काही वर्षांनी उघड होतो, त्याला प्रयोगशाळेत लवकर गाठण्याचा मार्ग नाही.

आता हा सर्व ताळेबंद वैजापूर, कन्नड किंवा पैठणच्या घरात नेऊन पाहिला, तर त्यात काही रकाने कमी पडतात. हार्टमेट-३ च्या बॅटऱ्यांची एक जोडी १७ तासांपर्यंत चालते; भारनियमनाच्या गावात ही संख्या पक्षाघाताच्या टक्केवारीइतकीच महत्त्वाची ठरते. ड्राइव्हलाइन जेथे त्वचेतून बाहेर येते, ती जखम आयुष्यभर कोरडी व स्वच्छ ठेवावी लागते, म्हणून विहिरीत पोहणे कायमचे बंद होते आणि मे महिन्याच्या घामात पट्टी बदलण्याचे काम घरातल्या कोणाला तरी काटेकोरपणे शिकावे लागते. वॉरफेरिनची मात्रा ठरवण्यासाठी आयएनआर ही रक्ततपासणी वारंवार करावी लागते आणि तिचा आकडा विश्वासार्ह हवा. याहून विलक्षण अडचण नाडीची आहे : प्रवाह अखंड असल्यामुळे अनेक रुग्णांच्या मनगटाला नाडी लागत नाही आणि नेहमीचे रक्तदाबयंत्र आकडा दाखवत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांनी छातीला स्टेथोस्कोप लावला, तर ठोक्यांऐवजी यंत्राची एकसंध गुणगुण ऐकू येते, आणि रक्तदाब डॉप्लर यंत्राने घ्यावा लागतो. हे ठाऊक नसलेल्या ठिकाणी शुद्धीवर असलेल्या रुग्णाबद्दलही गोंधळ उडू शकतो. येल विद्यापीठातील शल्यचिकित्सक प्रमोद बोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्वचेतून केबल न आणता विद्युत्-चुंबकीय पद्धतीने ऊर्जा आत पोहोचवण्याचे प्रयोग केले आहेत. ते रुग्णांपर्यंत आले, तर उष्ण व धुळीच्या प्रदेशांना त्यांचा लाभ सर्वांत अधिक होईल.

किमतीचा प्रश्न थोडक्यात सांगता येतो : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांचे आहे आणि आयात पंपाची किंमत त्याच्या कितीतरी पट आहे. म्हणून आयआयटी कानपूर येथे हाती घेतलेल्या ‘हृदयंत्र’ प्रकल्पासारख्या देशी प्रयत्नांकडे आशेने पाहिले जाते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेने हृदयाची झडप बनवताना आधीचे अनेक नमुने चाचण्यांत स्वतःच बाद केले आणि त्यानंतरच १९९० च्या डिसेंबरमध्ये ती पहिल्या रुग्णाला बसवली. देशी पंपालाही तसाच कठोर परीक्षक लाभला पाहिजे, आणि परीक्षा कोठे घ्यायची याचाही विचार व्हायला हवा. मोमेंटम-३ ची सर्व केंद्रे अमेरिकेतील होती. वीज जाणे, उन्हाळ्यातील घाम आणि शस्त्रक्रिया करणारे केंद्र तीन-साडेतीनशे किलोमीटर दूर असणे यांचा पंपाच्या निकालावर काय परिणाम होतो, हे त्या तक्त्यांत असणे शक्यच नव्हते. ते समजून घ्यायचे, तर भारतीय चाचणीत मुंबई-चेन्नईच्या शस्त्रक्रिया केंद्रांबरोबर, ज्या रुग्णालयाला मराठवाडा ‘घाटी’ म्हणून ओळखतो त्या छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी पाठपुराव्याची केंद्रे पहिल्या दिवसापासून ठेवावी लागतील, आणि तेथे डॉप्लर, खात्रीची आयएनआर तपासणी व जास्तीच्या बॅटऱ्यांचा साठा यांची तरतूद चाचणीच्या खर्चातच धरावी लागेल.